मुक्काम पान ८३

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे टॉलस्टॉयकाका म्हणतात. खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. अकरा वर्षांपूर्वी काका बँकेतून रिटायर झाले तेव्हा सेंड-ऑफला शाल, श्रीफळ आणि ‘वॉर अँड पीस’ मिळालं. शाल काकूंनी पुढच्या एका सत्काराला सरकवली, नारळाची चटणी झाली, पुस्तक राहिलं. इंग्रजी, बाराशेच्या वर पानं, उशाला घेतलं तर मान अवघडेल असं.

काका ते वाचतात असं कुणी म्हणत नाही. कुणाचं आयुर्वेदिक चालू असतं, कुणाचं योगासनांचं चालू असतं, तसा काकांचा टॉलस्टॉय चालू आहे. बागेत, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, एकदा तर बारशालाही पुस्तक काखोटीला होतं. समोरच्याने ‘कुठवर आलं?’ असं विचारलं की काका पुस्तकाकडे बघतात, समोरच्याकडे बघतात, आणि म्हणतात, ‘असं घाईने वाचायचं पुस्तक नाही हे.’ यात काहीही खोटं नाही.

काका गावी गेले तेव्हा एकदा घराची किल्ली माझ्याकडे होती. कुंड्यांना पाणी घालता घालता मी पुस्तक हातात घेतलं. मिटलेलं पुस्तक कडेने बघितलं तर पहिली बोटभर पानं चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी, आणि पुढची सगळी कोरी, पांढरीशुभ्र, एकमेकांना चिकटलेली. आत खुणेला घातलेले कागद तसेच होते. ३४व्या पानावर विजेचं जुनं बिल. ६१व्या पानावर एक लग्नपत्रिका. त्या जोडप्याचा मुलगा आता तिसरीत आहे. आणि ८३व्या पानावर एकाखाली एक तीन खुणा: विम्याच्या हप्त्याची पावती, साखरेचा लॅब रिपोर्ट आणि मंदिरातल्या अंगाऱ्याची पुडी. तिथे गाळात रुतलेल्या बैलगाडीला माणसं खांदा लावतात तसे ते तीन कागद दिसत होते.

काका ८३वर अडकतात ते आळसाने नव्हे, सचोटीने. महिनाभर खंड पडला की कोण कोणाचं कोण हे विसरायला होतं. दुसरा माणूस तसाच पुढे रेटेल. काका बँकेतले. ओपनिंग बॅलन्स जुळल्याशिवाय पुढची एंट्री नाही. ते पुन्हा पहिल्या पानावर जातात.

त्यामुळे कादंबरीच्या सुरुवातीला, जुलै १८०५मध्ये, पीटर्सबर्गला आना पाव्लोवना शेरर या बाईंकडे जी पार्टी होते, तिला काका आजवर चौदा वेळा हजर राहिले आहेत. त्या पार्टीतलं त्यांना सगळं माहीत आहे. बाईंना खोकला आहे, पण त्या त्याला ‘ग्रिप’ म्हणतात, कारण तो शब्द तेव्हा नवा होता आणि वरच्या वर्गातलेच तो वापरायचे. ‘आपल्याकडे साधं पित्त झालं की ॲसिडिटी म्हणतात ना, तसं,’ काका समजावतात. प्रिन्स वासिली सगळ्यांत आधी येतो, छोट्या प्रिन्सेसचा वरचा ओठ जरा आखूड आहे, चष्मेवाला लठ्ठ पियेर नको तिथे वाद घालतो. पात्रांच्या फ्रेंच बोलण्यावरून काकांचा टॉलस्टॉयवर राग होता. मग त्यांना कळलं की १८७३च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने स्वतःच ते फ्रेंच काढून रशियन घातलं होतं. तेव्हापासून काका त्याच्याबद्दल, चूक कबूल करणाऱ्या हाताखालच्या माणसाबद्दल बोलावं तसं, कौतुकाने बोलतात.

पाचशेहून जास्त पात्रं आहेत. त्यांची वंशावळ काकांनी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे काढून फ्रिजला चुंबकाने लावली आहे. पाहुणे विचारतात, ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’

नावांची भीती मात्र काकांनी घालवली, आणि हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ‘आंद्रेय निकोलायेविच बोल्कोन्स्की. म्हणजे काय? मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. अहो, हे तर आपल्या शाळेचं हजेरीपुस्तक! इंग्रजांना जड जातं, त्यांच्यात बापाचं नाव लावत नाहीत. आपल्याला काय अडचण?’ निकोलाय दोघं-तिघं आहेत हे खरं. पण ज्या घराण्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात तिथे दुसरं काय होणार? आणि नताल्याची नताशा होते यात नवल ते काय, आमच्या दत्तात्रयाचा दत्तू, दत्त्या आणि सासरवाडीत दत्तोपंत होतोच की.

एवढं कळलेला माणूस पुढे का जात नाही, असं कुणी विचारलंच तर काकांकडे उत्तरं तयार असतात. पहिलं: ‘ही कादंबरी नाहीच, हे टॉलस्टॉयनेच १८६८ साली लिहून ठेवलंय. मग कादंबरीसारखी कशी वाचणार?’ दुसरं: ‘मूळ रशियन वाचकांनाही १८६५पासून मासिकातून तुकड्यातुकड्यानेच मिळाली. पुस्तक पूर्ण व्हायला १८६९ उजाडलं. मीही हप्त्याने वाचतोय.’ बँकेतल्या माणसाच्या तोंडी हप्ता हा शब्द आला की पुढे बोलायची सोय नसते. काकूंचं मात्र तसं नाही. त्या कुकरची शिटी मोजता मोजता म्हणाल्या, ‘त्याच्या बायकोने म्हणे त्याची ती गिचमिड पुन्हा पुन्हा हाताने उतरवून काढली. बाळंतपणं सांभाळून. आणि यांना छापलेलं वाचवेना.’ काका त्या दिवशी बागेत लवकर आले.

पुस्तक एकंदर ३६१ प्रकरणांचं आहे. मुलीने सुचवलं, ‘बाबा, रोज एक. वर्षात संपेल, वर चार दिवस सुट्टी.’ काकांनी आधी सुट्टीचे चार दिवस ठरवले: दिवाळीचे तीन आणि गणपती विसर्जन. एक जानेवारीला आना पाव्लोवनाकडे गेले. संक्रांतीला पाहुणे आले.

मी हे हसत हसत लिहितोय, पण माझी बाजू काही भक्कम नाही. ‘युलिसिस’ मी तीनदा सुरू केली आहे. सगळी गोष्ट एका दिवसाची, १६ जून १९०४ची. माझा अजून सकाळचा नाश्ताही उरकलेला नाही. फरक इतकाच की मी ते पुस्तक कपाटात मागच्या रांगेत ठेवतो, आणि काका चारचौघांत काखेत धरतात. आपली हार अशी उघड्यावर बाळगायला छाती लागते.

तर ८३. तिथे म्हातारा काउंट बेझुखोव मरणपंथाला लागलाय. अफाट इस्टेट. दिवाणखान्यात नातेवाईक दबा धरून बसलेत, मृत्युपत्राची पिशवी कुणाच्या हाती लागते यावर डोळे लावून. काकांच्या हिशेबाने म्हातारा अकरा वर्षं असा पडून होता. दरवेळी याच सुमाराला पाहुणे, नाहीतर पित्त, नाहीतर पोटनिवडणूक. ‘त्याचा जीव कशात अडकलाय तेच कळत नाही,’ काका मला म्हणाले होते. मला कळत होतं.

मागच्या पावसाळ्यात काकूंच्या भाचीच्या लग्नाला निघाले असताना घाटात दरड कोसळली आणि गाडी साडेपाच तास एका जागी उभी राहिली. फोनची बॅटरी एका रेषेवर. रात्री अकराला काकांचा फोन आला. ‘म्हातारा गेला.’

दुसऱ्या कुणी आधी पांढरे कपडे शोधले असते. मी विचारलं, ‘इस्टेट कुणाला?’

‘त्या चष्मेवाल्या पोराला! पिशवीवरून बायकांची ही ओढाताण झाली हो...’ आणि बॅटरी गेली.

लग्नाहून आले ते थेट माझ्या दारात. बॅग खाली ठेवली नाही, बूट काढले नाहीत. ‘इन्स्पेक्शन!’ म्हणाले. ‘युद्धाची सुरुवातच मुळी इन्स्पेक्शनने आहे!’

मग त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. ऑक्टोबर १८०५, ऑस्ट्रियातलं ब्राउनाउ गाव. रशियन पलटण तंगडतोड करून आलेली. सेनापती कुतुझोव तपासणीला येणार असा निरोप. रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. सगळे शिवताहेत, घासताहेत, बटणं चमकवताहेत. सकाळी दोन हजार माणूस चकचकीत उभा. आणि ऐन वेळी वरून माणूस येतो: नको, नको, प्रवासात होता तसेच उभे राहा! कारण कुतुझोवला ऑस्ट्रियन जनरलला दाखवायचंय की आमच्या पोरांचे हाल बघा. बूट फाटलेत हेच त्याला हवंय. चांगलं होतं ते सगळं पुन्हा गबाळं करा!

‘शहाऐंशी साल!’ काकांना दम लागला होता. ‘झोनल ऑफिसचे साहेब येणार म्हणून आम्ही तीन रात्री लेजरं लावली, शाखेला रंग दिला. सकाळी फोन. साहेबांना जागा अपुरी आहे असं वर दाखवायचंय, फायली पुन्हा जमिनीवर पसरा! शिपायाने पसरल्या, आणि त्यातल्या काही अजून सापडल्या नाहीत.’ काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून की कशाने ते सांगता येत नाही. ‘या माणसाला कसं कळलं हो?’

मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात तसाच धरला.

‘आणि तिथे रांगेत कोण उभा असेल? दोलोखोव! तो हो, खिडकीच्या कठड्यावर बसून रमची बाटली एका दमात पिणारा! साध्या शिपायाच्या रांगेत! डिमोशन! जनरल कोटावरून झापतो तर त्यालाच उलट ऐकवतो, पठ्ठ्या.’

‘मग? पुढे?’ मी विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच खरोखर विचारला असेन.

काकांच्या कपाळावर आठी आली. ‘त्याला शिपाई केल्याचं तिकडे रोस्तोवांच्या घरी बायका बोलत होत्या. पोलिसाला अस्वलाच्या पाठीला बांधून नदीत सोडलं म्हणून. मी त्या वेळी नीट लक्ष दिलं नाही. अस्वलाकडे बघत बसलो. नेमकं काय झालं ते बघायला हवं. आणि बघायचंच तर मग सुरुवातीपासून.’

त्यांनी बॅग उचलली. परवा जिन्यात भेटले तेव्हा पुस्तक काखेतच होतं आणि घसा बसलेला होता.

‘सर्दी झाली का?’ मी विचारलं.

‘ग्रिप,’ काका म्हणाले.