सोडा, पण स्पॅनिशमध्ये

रायपूरच्या शंकर नगरात राहून ज्याला काही सोडायचं आहे, त्याने ते कोणत्या भाषेत सोडायचं हे आधी ठरवावं. मराठीत सोडलं तर आई ऐकते, हिंदीत सोडलं तर पानठेलेवाला ऐकतो, छत्तीसगढीत सोडलं तर कामाला येणारी बाई ऐकते. आणि आठवडा उलटायच्या आत तिघंही विचारतात, 'काय, सुटली का?' स्पॅनिशमध्ये सोडलेल्या वस्तूची चौकशी तेलीबांधा तलावावर फिरायला येणारा एकही माणूस करणार नाही. ही भाषा निवडायला एवढं कारण पुरे.

पहिलं क्रियापद 'देहार', म्हणजे सोडणे. यातला 'ह' घसा खरवडून काढायचा असतो. जुन्या सिगारेटवाल्यांना तो सकाळी तोंड धुतानाच येतो, त्यांनी उच्चाराचा सराव केला नाही तरी चालेल. पुढे 'दे' लावावा आणि मग जे सोडायचं ते क्रियापद: 'देहो दे फुमार', मी सिगारेट ओढणं सोडतो. इथे घाई करू नये. मधला 'दे' गिळला आणि नुसतं 'देहो फुमार' म्हटलं, तर अर्थ होतो 'मी ओढू देतो'. एका अक्षराने त्यागाची परवानगी होते. काही चतुर विद्यार्थी हा 'दे' मुद्दामच विसरतात. त्यांना नापास करू नये, त्यांना भाषा कळली आहे.

ज्यांचा मामला गुडाखूचा आहे त्यांची जरा पंचाईत होते. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा छत्तीसगढात दातांना घासतात, आपल्याकडच्या मशेरीचा हा चुलतभाऊ. पण माद्रिदच्या माणसाला तो सांगायचा कसा? 'पास्ता दे ताबाको' म्हणता येईल, कारण स्पॅनिशमध्ये कुठल्याही लगद्याला पास्ता म्हणतात. मात्र घरात लहान मुलं असतील तर हा शब्द मोठ्याने उच्चारू नये. ती ताटली घेऊन येतात.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांसाठी खास इशारा. 'क्विट'सारखं दिसतं म्हणून 'कितार' वापरायला जाल तर फसाल. कितार म्हणजे काढून घेणे, हिरावणे. हे क्रियापद रायपूरच्या मराठी माणसाला इतिहासातून चटकन समजतं. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात बसून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. त्यांच्या मागे बऱ्याच वर्षांनी नागपूरचे तिसरे रघुजी १८५३ साली वारस न ठेवता वारले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं. भोसल्यांनी राज्य 'देहार' केलं नाही, डलहौसीने ते 'कितार' केलं. राजाने आपणहून गादी सोडली तर तिसरंच क्रियापद, 'आब्दिकार'. स्पेनच्या हुआन कार्लोस राजाने ते २०१४ साली वापरलं. आपल्या भागात त्याला गिऱ्हाईक कमी.

पदाचा राजीनामा देण्यासाठी स्पेनमध्ये 'दिमितिर' आणि पलीकडे लॅटिन अमेरिकेत बहुधा 'रेनुन्सिआर' म्हणतात. मंत्र्यांचे बंगले ज्या वस्तीत आहेत तिथे हे शब्द तोंडपाठ हवेतच. त्यांच्या जोडीला 'देसालोहार' हेही शिकून ठेवावं: जागा रिकामी करणे. पहिलं क्रियापद झाल्यावर दुसरं व्हायला किती काळ जातो, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात येत नाही.

आता हार मानण्याचा धडा. साधं म्हणायचं तर 'मे रिंदो', हरलो बुवा. ऐटीत म्हणायचं तर 'तिरार ला तोआया', टॉवेल फेकणे. हा मुष्टियुद्धाच्या रिंगणातून आलेला प्रयोग. बैलांशी झुंजणारे निवृत्त होताना डोक्यामागची छोटी शेंडी कापत, म्हणून कायमचं थांबण्याला 'कोर्तार्से ला कोलेता' असंही म्हणतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांसमोर याचा शब्दशः अर्थ सांगू नये. गैरसमज होतो, आणि सत्यनारायणाच्या दिवशी तर फारच.

खरोखरच सोडायचं असेल तर सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. फोन फुकट लागतो. अडचण इतकीच की तिथे हिंदीत बोलता येतं, आणि समोरच्याला सगळं कळतं. त्यापेक्षा 'एस्तोय देहांदो दे फुमार' शिकावं: 'सोडतोय, प्रक्रिया सुरू आहे'. या काळाला व्याकरणात शेवट नाही. पानठेल्यावर उभं राहून, हातात पेटलेली असतानाही तो निर्दोष वापरता येतो.

शेवटचं क्रियापद 'वोल्वेर आ', पुन्हा करणे. हे अनियमित आहे, 'मी' साठी 'वुएल्वो' होतं, म्हणून विद्यार्थी कंटाळा करतात. करू नये, पहिल्या धड्यानंतर साधारण चार दिवसांत ते लागतंच. 'वुएल्वो आ फुमार', मी पुन्हा ओढू लागतो. हे जमलं की पहिला आणि शेवटचा धडा एकत्र जोडून 'वुएल्वो आ देहार दे फुमार', मी पुन्हा सिगारेट सोडतो, हे वाक्य रोज सकाळी चहाआधी म्हणावं. व्याकरणदृष्ट्या ते पूर्ण शुद्ध आहे. मधला 'दे' तेवढा गिळू नये.