पासशास्त्री

बॉस्टनच्या पश्चिमेला, मराठी घरांची दाटी असलेल्या उपनगरांत, हा गृहस्थ हमखास भेटतो. वय पन्नाशीच्या आगेमागे, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर औषधकंपनीत, गुडघा एक. म्हणजे गुडघे दोन, पण भरवशाचा एक. स्कीइंग त्याला बेताचंच येतं. मुलांच्या निमित्तानं चाळिशीत तो पहिल्यांदा बर्फावर उभा राहिला, आणि अजूनही स्कीची टोकं आत वळवून, ज्याला तिथली पोरं ‘पिझ्झा’ म्हणतात तो करत, हिरव्या पाटीच्या सोप्या उतारांवरून सावकाश खाली येतो. पण यंदा स्कीचा पास कुठला घ्यावा हा विषय निघू द्या! मंडळात त्याला सगळे पासशास्त्री म्हणतात. त्यातली थट्टा त्याला कळते, पण पदवी सोडवत नाही.

शास्त्रीबुवांचं वर्ष गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू होतं. धर्माचा संबंध नाही; मार्चमध्ये पुढच्या हंगामाचे पास विक्रीला येतात. भाव तेव्हा सर्वांत कमी असतो, मग टप्प्याटप्प्यानं चढतो. लेबर डे उलटला की आणखी वर, म्हणजे अनेकदा नेमका गणपतीच्या दिवसांत. त्यामुळे आरतीला टाळ्या वाजवताना मागून हलक्या आवाजात विचारणा होते, “घेतलात का? रविवारी वाढतोय.”

त्यांच्यापुढे तीन पंचांगं, म्हणजे तीन पास, उघडी असतात. पहिलं एपिक. व्हेल रिझॉर्ट्स या कंपनीनं ते २००८ साली ५७९ डॉलरला काढलं. त्याआधी मोठ्या डोंगराचा हंगामी पास म्हणजे बहुतेक त्या एकाच डोंगराचा, आणि महाग. व्हेलनं कोलोरॅडोतले अनेक डोंगर एका पासात बांधून दिले आणि पैसे बर्फ पडायच्या आधीच गोळा केले. मग हिवाळा कोरडा जावो की जानेवारीत पाऊस लागो, गल्ला भरलेला. हवामानाची जोखीम डोंगराच्या मालकाकडून डोंगरावर जाणाऱ्याच्या खिशात आली. हे बुवांना पक्कं ठाऊक आहे. ते स्वतःच समजावून सांगतात, आणि सांगून झालं की पास विकत घेतात. २०१७ मध्ये व्हेलनं व्हरमाँटचं स्टो घेतलं, २०१८ मध्ये ओकीमो आणि सुनापी, २०१९ मध्ये माउंट स्नो, ॲटिटॅश, वाइल्डकॅट. तेव्हापासून पास कुठला घ्यावा हा वाद न्यू इंग्लंडच्या मराठी स्वयंपाकघरांत आला.

दुसरं पंचांग आयकॉन, २०१८ चं. त्यात स्ट्रॅटन, शुगरबुश, आणि मोजक्या दिवसांसाठी किलिंग्टन, लून, संडे रिव्हर, शुगरलोफ. तिसरं इंडी, २०१९ चं: कुणा मोठ्या कंपनीच्या ताब्यात नसलेले लहान-मध्यम डोंगर, प्रत्येकी दोन दिवस. कॅनडाच्या सीमेजवळचं, बर्फासाठी नावाजलेलं जे पीक याच्यावर. या पंचांगांत पुन्हा पोटभेद: पूर्ण पास, बेस पास, फक्त ईशान्येचा पास, आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचा पास. शिवाय स्वस्त पासांवर निषिद्ध काळ असतो, त्याला ब्लॅकआऊट म्हणतात. नाताळचा आठवडा, मार्टिन ल्यूथर किंग दिनाची जोडसुट्टी, प्रेसिडेंट्स डेची जोडसुट्टी. म्हणजे शाळा जेव्हा बंद, तेव्हा पासही बंद.

कुणी नवखा भाबडेपणानं विचारतो, “काका, कुठला पास घेऊ?” याला सरळ उत्तर मिळालेलं कुणाच्या ऐकिवात नाही. उलट तपासणी सुरू होते. मुलं किती? इयत्ता कुठली? पाचवीत असेल तर बुवांचे डोळे चमकतात, कारण व्हरमाँट पाचवीच्या मुलांना नाममात्र पैशांत अनेक डोंगरांचा पासपोर्ट देतं. त्यांची स्वतःची लेक पाचवीत होती तो काळ ते अजून सुवर्णयुगासारखा आठवतात. ती पुढच्या इयत्तेत गेली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मग प्रश्न येतात रस्त्याचे. I-९३ नं लूनला दोन तास, पण रविवारी संध्याकाळी परतताना? शुगरलोफला चार तास, म्हणजे मुक्काम आला, म्हणजे हॉटेल, ते कुठल्या रकान्यात धरायचं? तासाभरानं नवख्याच्या हातात एक एक्सेल पडतं आणि तो त्या हिवाळ्यात बोलिंगला जाऊ लागतो.

बुवांचा खरा खेळ मात्र डिसेंबरनंतर सुरू होतो. त्याचं नाव वसुली. २०२५-२६ च्या हंगामाला एपिकचा सुरुवातीचा भाव १,०५१ डॉलर होता, आयकॉनचा १,३२९. आता भागाकार करा. चार दिवस गेलो तर दिवसाला एवढे, दहा दिवस गेलो तर एवढे. पहिले काही दिवस बुवा कपाळाला आठ्या घालून स्की करतात, कारण भागाकार अजून लाजिरवाणा असतो. जानेवारीतल्या एका शनिवारी ओकीमोला धो धो पाऊस. शहाणी माणसं घरी भजी तळतात. बुवा कचऱ्याच्या काळ्या पिशवीला गळ्यापुरतं भोक पाडून, ती जाकिटावर चढवून, लिफ्टच्या फाटकाशी हजर. फाटक पास ओळखून ‘टिंग’ करतं. दिवस मोजला गेला. एक फेरी करायची, तीही नाइलाजानं, कारण लिफ्ट वर नेते. मग लॉजमध्ये बसून डब्यातले थंड पराठे खायचे आणि फोनवर नवा भागाकार करायचा.

शिवाय ‘वाचलेले पैसे’ नावाचा एक रकाना आहे. सुट्टीच्या दिवशी स्टोच्या खिडकीवर ऐनवेळी तिकीट घ्यायचं तर दोनशे डॉलरच्या वर जातात. त्या भावानं गुणाकार करून बुवा जाहीर करतात की यंदा घरानं इतके हजार वाचवले. हा भाव त्यांनी जन्मात दिला नसता, ही गोष्ट त्या गुणाकारात येत नाही. काकू शांतपणे विचारतात, “अहो, एवढे वाचले तर ठेवलेत कुठे?”

प्रवचनाची त्यांची आवडती जागा म्हणजे चौघांची लिफ्ट. बाक जमिनीपासून उंच गेलेला, शेजारचा अनोळखी गोरा माणूस कुठेही पळू शकत नाही. “कुठला पास तुमचा?” इथून सुरुवात होते आणि माथ्यावर तो बिचारा दिसेल त्या उतारावरून, अगदी काळ्या चौकटीच्या अवघड उतारावरूनसुद्धा, जीव घेऊन खाली सुटतो. म्हणूनच मॅड रिव्हर ग्लेनचं नाव बुवांना सहन होत नाही. हा डोंगर १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा. सहकारात वाढलेल्या मराठी माणसाला याचं खरं तर कौतुक वाटावं. पण तो एपिकवर नाही, आयकॉनवर नाही, आणि तिथली जुनी लिफ्ट एकेका माणसाची आहे. ऐकायला शेजारी कुणीच नाही!

गंमत अशी की, बुवा खुशीत दिसतात ते वाचूसेटला. मॅसॅच्युसेट्समधलाच बुटका डोंगर, बॉस्टनहून तासाभरावर, आणि या तिन्ही पंचांगांत नाही. बुधवारी ऑफिस सुटलं की ते तिथे जातात. दिव्यांच्या उजेडात पिझ्झा करत येतात, पुन्हा वर जातात, कुणाशी बोलत नाहीत, फोन गाडीत. या संध्याकाळी एक्सेलमध्ये कधी चढल्या नाहीत.

परवा नव्यानं आलेलं एक जोडपं सल्ल्याला घरी आलं होतं. बुवा लॅपटॉप आणायला आत गेले तेवढ्यात काकूंनी चहाचे कप ठेवता ठेवता सांगून टाकलं, “पासबिस काही नको गं. पोरांना बूट आणि स्की भाड्यानं घे, आणि एखाद्या संध्याकाळी वाचूसेटला घेऊन जा. रडली तर तासात घरी.”

जोडप्यातल्या मुलीनं आभार मानून पर्स उचलली. आतून आवाज आला, “बसा, बसा! वाचूसेटसाठी आजच नवा रकाना टाकलाय!”