चालूनबघे

पनवेलला शिवाजी चौकाच्या आसपास चपलांच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी सातनंतर जावं. एका पायात नवा बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, हात पाठीमागे आणि नजर स्वतःच्या अंगठ्यावर अशा थाटात एक गृहस्थ आरशापासून गल्ल्यापर्यंत येरझारा घालत असतात. हे चालूनबघे. कागदोपत्री आडनाव म्हात्रे असेल, पाटील असेल, नाहीतर गोखले. राहायला जुन्या पनवेलात की रेल्वेच्या पलीकडे नवीन पनवेलात, यानेही फरक पडत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बेलापूरला किंवा फोर्टात, आणि मागणी अगदी माफक: "रोजच्या वापराचा, साधा, आरामाचा बूट दाखव रे."

'साधा' म्हटलं की दुकानातला नवा पोऱ्या खोकी काढायला धावतो. जुना असेल तर स्टूल ओढून आधी बसून घेतो.

कारण त्याला पुढचं पाठ असतं. लेस नको, वाकवत नाही. वेल्क्रो नको, बालवाडीत निघाल्यासारखं वाटतं. बिनलेसचा चालेल, पण टाचेतून सटकता कामा नये. आणि सटकायचा नसला तरी हात न लावता निघाला पाहिजे, कारण दिवसभरात तो कितीतरी उंबऱ्यांवर काढायचा असतो. विरूपाक्षाच्या देवळात काढायचा, दवाखान्यात काढायचा, मेहुण्याकडे काढायचा. शिवाय लोकल आहेच. गाडी पनवेललाच सुटते, त्यामुळे काकांना खिडकी मिळते. खांदेश्वर यायच्या आत बूट निघतात आणि पाय समोरच्या बाकावर जातात, ते तिथे कोणी येऊन बसेपर्यंत. सीएसएमटी पुढे तासाभराहून लांब. ज्या बुटाच्या आरामासाठी एवढी यातायात, त्याचा खरा आराम काकांना तो काढल्यावरच मिळतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

कापडी नको, कारण पाऊस. चामड्याचा नको, कारण पावसाळ्यात कपाटात त्याला बुरशी येते. रेक्झिनचा नको, पाय उकडतो. पांढरा मळतो, काळा ऑफिसचा वाटतो, तपकिरी एकाच पँटवर जातो. तोच बूट ऑफिसला, बारशाला, लग्नाला, सांत्वनाला आणि सकाळी वडाळे तलावाच्या फेरीला चालला पाहिजे. दगड लागू नये इतका सोल जाड हवा, पण पायात काही आहे असं वाटता कामा नये. आणि देवळाबाहेर कोणाच्या नजरेत भरू नये इतका तो साधारण दिसला पाहिजे, पण साडूच्या नजरेत मात्र भरला पाहिजे.

मग परीक्षा. काका बूट हातात घेऊन वजन करतात, सोलवर टिचकी मारतात, आत नाक घालून वास घेतात आणि अंघोळीनंतर पंचा पिळावा तसा दोन्ही हातांनी पिळतात. "बघ, मऊ आहे." पोऱ्या सांगून पाहतो, "काका, बूट चवड्याशी वाकायला पाहिजे, मधोमध वाकला की समजायचं तळव्याला आधार नाही." पोऱ्याचं बरोबर आहे. चालताना पाय जिथे दुमडतो तिथेच बुटाने दुमडावं. घडी होणारा बूट पिशवीत न्यायला सोयीचा, पायात नाही. पण काकांना पिळण्याचं समाधान हवं असतं.

संध्याकाळी सातचा मुहूर्तही काकांनी विचार करून काढलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत. त्या ग्रुपवर आलेली ही बहुधा एकमेव खरी गोष्ट. काका ती निष्ठेने पाळतात, पाय सुजण्याची वाट बघून दुकानात येतात आणि कॉलेजात असताना लागायचा तोच आठ नंबर मागतात.

इथे खरी गोम आहे. वयाबरोबर पायाची कमान बसते, सांध्याचे बंध सैलावतात, पाय लांबीला आणि रुंदीला पसरतो. विशीतला आठ पन्नाशीत नऊ होऊ शकतो. पण "काका, नऊ घालून बघता का?" असं विचारलं की काकांचा चेहरा बदलतो. जणू त्यांना कोणी कंबरेचं माप विचारलं. "अरे, आठच लागतो मला. पहिल्यापासून." इंग्रजी मापात एका नंबरचा फरक म्हणजे जवाचा एक दाणा, एक तृतीयांश इंच. एवढ्या एका जवासाठी काकांनी करंगळीवर वर्षानुवर्षं कुरूप पोसलं आहे.

एकदा त्यांनी चष्मा चढवून बुटाची जीभ वाचली. यूके ८, यूएस ९, ईयू ४२. "यांचं यांनाच ठरलेलं नाही," असा निकाल देऊन त्यांनी ती जी मिटली ती मिटलीच. तेव्हापासून खोक्यावर छापलेला आकडाच प्रमाण. तसं पाहिलं तर काकांची तक्रार अगदीच पोकळ नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखावर लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपला पाय गोऱ्यांच्या पायापेक्षा रुंद निघाला. त्यावरून 'भा' नावाची खास भारतीय मापं सुचवली गेली. म्हणजे इतकी वर्षं आपण परक्या मापात पाय कोंबत आलो. काकांना हे सांगितलं तर ते खूश होतील, पण भा मधलाही आठच मागतील.

"आमच्या वेळी बरं होतं, बाटाचा एक जोड घेतला की कॉलेज संपायचं," हे ठरलेलं वाक्य. बाटा आपलीच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. ती १८९४ सालची, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावची, आणि भारतात आली १९३१ मध्ये, असं त्यांच्या मुलाने मोबाइलवर दाखवलं तेव्हा त्यांनी मोबाइलवरच अविश्वास दाखवला. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा काका आठवडाभर लोकलच्या डब्यात कोल्हापुरीची बाजू लढवत होते. पायात सँडल होते.

काकू तोवर पलीकडच्या दुकानातून दोन जोड घेऊन आलेल्या असतात. त्यांची पद्धत सोपी आहे: मोठ्या पायात घालायचा, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा बघायची, पैसे द्यायचे. दोन पाय सारखे नसतात हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. "अहो, झालं का?" असं त्या दारातूनच विचारतात. काका म्हणतात, "बघतोय, चालून." मग खोक्याचा फोटो काढला जातो, ऑनलाइन भाव बघितला जातो, "जरा फिरून येतो" म्हणून ओरायन मॉलमध्ये एसी खाऊन परत येणं होतं, आणि शेवटी, दुकान बंद व्हायच्या बेताला, पहिल्यांदा दाखवलेलाच बूट घेतला जातो.

आता हा रोजचा बूट. तो घरी आला की थेट माळ्यावर जातो. "चांगला आहे, जपून वापरू." आत सिलिका जेलची पुडी, वर प्लॅस्टिकची पिशवी. रोज पायात जुनाच, टाच एका बाजूला झिजलेला, अंगठ्याशी फाटलेला. दोन-तीन पावसाळे असे जातात. मग पुतण्याच्या लग्नाला खोकं उतरवलं जातं, आणि मंगल कार्यालयात अक्षता टाकून जेवणाच्या रांगेकडे जाता जाता काकांच्या मागे काळ्या चुऱ्याची एक ओळ उमटत जाते. पुढच्या पन्नास पावलांत सोल बुटाला सोडून देतो.

हा करणीचा प्रकार नाही. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतली ओल हळूहळू शोषतो आणि त्याचे धागे आतून तुटत जातात. बूट घातला नाही म्हणून हे थांबत नाही. समुद्र-खाडीच्या आणि कोकणातल्या दमट हवेत तर त्याला आणखी वाव मिळतो. म्हणून तो जपायचा नसतो, वापरायचा असतो. दुसऱ्या दिवशी काका खोकं घेऊन दुकानात.

"एकदाही घातला नव्हता रे!"

"म्हणूनच, काका."

पण हा जुना पोऱ्या माणसं ओळखतो. परवा काका पुन्हा साधा बूट घ्यायला आले, तेव्हा त्याने गुपचूप नऊ नंबरचा जोड आठच्या खोक्यात घालून समोर ठेवला. "नवी कंपनी आहे, हिचा आठ जरा सैल येतो." काका चालले, आरशापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "हा बघ, याला म्हणतात आठ!" त्या दिवसापासून बूट रोज त्यांच्या पायात आहे आणि ते भेटेल त्याला त्या कंपनीचं कौतुक सांगत आहेत. तलावाच्या फेरीत तुम्हाला भेटले तर ऐकून घ्या, पण कृपा करून त्यांना बुटाची जीभ उलटून बघायला सांगू नका.