सगळं हिरवं

सकाळच्या स्टँडअपला बाकीचे लोक काल काय झालं नाही आणि का झालं नाही, ते सांगतात. स्टबोपंत दोनच शब्द बोलतात : ‘सगळं हिरवं.’ आणि चहाकडे वळतात. गळ्यातल्या आयकार्डावर नाव वेगळं आहे, हुद्दा ‘सीनियर क्यूए इंजिनिअर’ असा आहे. पण हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत ज्या ज्या मजल्यावर सॉफ्टवेअर लिहिलं जातं, तिथे हे गृहस्थ या ना त्या आयकार्डाखाली बसलेले असतातच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, शर्ट इस्त्रीचा, डब्यात पोळी-भाजी, आणि स्क्रीन अशा कोनात वळवलेला की येणाऱ्या-जाणाऱ्याला काळ्या पडद्यावरची हिरव्या टिंबांची रांग दिसलीच पाहिजे. एक टिंब म्हणजे पास झालेली एक टेस्ट. टिंबं धावायला लागली की पंत खुर्चीत मागे रेलतात आणि डोळे अर्धे मिटून घेतात. त्या वेळी त्यांना हाक मारायची नसते.

पंतांची कला कळायला आधी आमचा धंदा कळायला हवा. चकली-चिवड्याचे डबे न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंत पोचवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. एक ऑर्डर घ्यायची तर ते चार परक्या सर्व्हरांचे उंबरे झिजवतं. पाठवणाऱ्याचा पिनकोड खरा आहे का, हे एकाला विचारायचं. डब्याला किती पडतील, हे कुरिअरवाल्याला. पैसे जमा झाले का, हे पेमेंटवाल्याला. आणि ‘तुमचा फराळ निघाला’ हा एसएमएस चौथ्याकडून पाठवायचा. कुणी कोडमधली एक ओळ बदलली की सगळ्या टेस्ट आपोआप चालतात, आणि आमच्याकडे टेस्ट म्हणजे खोट्या ऑर्डरी. पंत येण्यापूर्वी या खोट्या ऑर्डरी खऱ्या सर्व्हरांवर जाऊन धडकत. सगळं उरकायला पाऊण तास लागे. पेमेंटवाल्याचा चाचणीचा सर्व्हर नेमका शुक्रवारी संध्याकाळी मान टाकायचा. कुरिअरवाला ४२९ पाठवायचा, म्हणजे ‘किती वेळा विचाराल, जरा दमानं घ्या.’ टेस्टसाठी कुणीतरी आकडे उतरत्या क्रमानं लिहून बनवलेला मोबाइल नंबर एका खऱ्या माणसाचा निघाला. ‘माझा फराळ दिवसातून शंभरदा निघतोय, मग येत का नाही?’ असं विचारायला त्या बिचाऱ्यानं ऑफिसात फोन केला.

पंत आले आणि त्यांनी बाहेरची सगळी दारं लावून घेतली. रुबीत यासाठी वेबमॉक नावाची लायब्ररी आहे. ती बसवली की टेस्टमधून बाहेर निघालेली प्रत्येक वेब रिक्वेस्ट ती वाटेतच धरते. तिला आधी सांगून ठेवायचं की अमुक पत्त्यावर प्रश्न गेला तर तमुक उत्तर दे. हे ठरवून ठेवलेलं उत्तर म्हणजे स्टब. तालमीला मुख्य नट आला नाही तर त्याची वाक्यं कुणीतरी वही बघून वाचतो आणि बाकीच्यांचं काम अडत नाही, त्यातलाच प्रकार. सांगून न ठेवलेल्या पत्त्यावर रिक्वेस्ट निघाली तर वेबमॉक खडसावते की खरी एचटीटीपी कनेक्शनं बंद आहेत. आणि त्याच दमात, ही रिक्वेस्ट स्टब करायची असेल तर हा घ्या कोड, म्हणून तयार ओळी छापून देते. पंतांचा या एरर मेसेजवर अतोनात जीव. ‘बघ बाळा,’ ते नव्या पोरांना सांगतात, ‘रागावते, पण उपाशी ठेवत नाही.’

पाऊण तासाचं काम दीड मिनिटावर आलं. एसएमएस थांबले, शुक्रवार सुटले. कंपनीनं पंतांना काचेची ट्रॉफी दिली आणि पंतांना तत्त्वज्ञान सुचायला लागलं. ‘मला सांग, कोथरूडचा पिनकोड काय? ४११०३८. काल होता, आज आहे, उद्याही राहणार. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली ही पद्धत बसवली. डाक-तार खात्यातला माणूस, वर संस्कृत कवी! त्यांनी बसवलेलं आपण रोज दहा हजार वेळा तपासायचं? शोभतं का?’ यावर कुणाला काही सुचत नाही. पंत पुढे सरकतात. नोडवाल्यांना नॉक, जावावाल्यांना वायरमॉक, पायथनवाल्यांना रिस्पॉन्सेस, ब्राउझरात सायप्रेसचं इंटरसेप्ट नाहीतर प्लेराइटचं राउट. ‘देव एकच, देवळं वेगळी,’ असं म्हणून ते डबा उघडतात.

डबा खाताना त्यांच्यासमोर ‘मी ती एपीआय मॉक केली’ असं बोलू नये. पंत पोळीचा घास खाली ठेवतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली ‘मॉक्स आरन्ट स्टब्स’ हा लेख लिहिला, जेरार्ड मेसारोस यांनी २००७च्या पुस्तकात डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक असे पाच सोंगाडे वेगळे करून दाखवले, आणि तरीही तू जेवताना असं बोलतोस? ‘अरे, स्टब नुसतं उत्तर देतो. आपल्याला नीट विचारलं गेलं की नाही, ते मॉक तपासतो.’ समोरच्याची भाजी गार होईपर्यंत हा फरक चालतो. आता गंमत अशी, की दुसऱ्या वाटेला पंत स्वतः कधी फिरकले नाहीत. उत्तर ठरलेलंच आहे तर प्रश्न काय आला हे बघत कशाला बसायचं?

हाच बाणा घरीही आहे. भाजी कशी झालीये, असं वहिनींनी विचारायच्या आत ‘छान’ येतं. ‘यांच्याकडे प्रश्न पोचायच्या आधी उत्तर निघालेलं असतं,’ असं वहिनी म्हणतात. आईचा रोज रात्री गुहागरहून फोन येतो. जेवलास का? ‘हो, जेवलो.’ बरा आहेस ना? ‘हो, हो.’ एकदा मी शेजारी होतो. फोनमधून आवाज आला, ‘अरे, दुपारपासून लाइट नाही, विहिरीचा पंप बंद पडलाय.’ पंत म्हणाले, ‘हो, जेवलो.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘बरं झालं बाबा,’ म्हणून माउलीनं फोन ठेवला.

पंतांचा खरा खजिना मात्र व्हीसीआर नावाच्या लायब्ररीत. ती पहिल्या वेळी खऱ्या सर्व्हरला विचारते, आलेलं उत्तर जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवून घेते आणि पुढे दरवेळी तेच वाजवते. त्या फाइलला कॅसेट म्हणतात. ज्यांनी जन्मात कॅसेट बघितली नाही अशी पोरं ‘पंत, तुमची कॅसेट जुनी झालीय’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरं असतं. कुरिअरच्या दराची कॅसेट मी उघडून पाहिलीय. तारीख २०१७ची. वरच्या हेडरमध्ये नोकरी सोडून कॅनडाला गेलेल्या एका पोराची गुप्त की, साऱ्या जगानं वाचावी अशी उघडी. ती झाकून ठेवायची सोय व्हीसीआरमध्ये आहे. पंतांना तिची गरज वाटली नव्हती. आणि खाली न्यू जर्सीचा त्या वर्षीचा दर. पंतांच्या टेस्टमध्ये महागाई अजून पोचलेलीच नाही.

मग एका ऑक्टोबरात दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि गिऱ्हाइकाचा फोन आला. ‘साहेब, दोन किलोचा डबा अमेरिकेला पाकिटाच्या दरात जातोय. फरक माझ्या खिशातून चाललाय.’ पंतांनी तिथल्या तिथे सगळ्या टेस्ट चालवल्या. टिंबांची रांग धावली. ‘आमच्याकडे सगळं हिरवं आहे,’ पंत म्हणाले. ‘तुमच्याकडे असेल हो हिरवं. माझं ऐन दिवाळीत दिवाळं निघतंय!’

झालं होतं एवढंच, की कुरिअरवाल्यानं आपली एपीआय बदलली होती. पूर्वी वजन किलोत द्यायचं, आता ग्रॅममध्ये. तशी मेलही आली होती. पण वाढदिवसाचा केक आणि एसीची तक्रार याखेरीज ज्या इनबॉक्समध्ये कुणी काही वाचत नाही, त्यात. आमचं सॉफ्टवेअर इमानदारीत ‘२’ पाठवत राहिलं आणि कुरिअरवाला इमानदारीत दोन ग्रॅमचे पैसे सांगत राहिला. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं पंतांचा स्टब उघडला. त्यात पत्ता होता, उत्तर होतं. प्रश्नात काय असलं पाहिजे, याबद्दल अक्षर नव्हतं. वेबमॉकला तेही सांगता येतं, एका ओळीचं काम आहे. ‘म्हणजे सर, आपण दोन ग्रॅम विचारलं काय, दोन किलो विचारलं काय आणि दोन हत्ती विचारले काय, हा तेच सांगणार?’ पंत म्हणाले, ‘हो.’ या वेळी प्रश्न ऐकून म्हणाले.

पण खचले नाहीत. गिऱ्हाइकाला त्यांनी थेट मंगळावर नेलं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ला मंगळापाशी पोचलं आणि गेलं ते गेलंच. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पाउंडांच्या हिशेबात देत होतं आणि घेणारं ते न्यूटन समजून घेत होतं. एका पाउंडाला जवळजवळ साडेचार न्यूटन. ‘नासाचं झालं, तिथे आपण कोण?’ पलीकडून आवाज आला, ‘अहो, त्यांचं यान एकच होतं. माझे डबे रोज निघतायत.’

खरं सांगायचं तर स्टब या गोष्टीवर राग धरण्यात अर्थ नाही. खऱ्या सर्व्हरला ‘जरा पडून दाखव’ असं म्हणता येत नाही. स्टबला म्हणता येतं. ५०३, म्हणजे ‘सेवा सध्या बंद’, दे म्हटलं की देतो, टाइमआउट हो म्हटलं की होतो, अर्धवट तुटलेला जेसन पाठव म्हटलं की पाठवतो. जी संकटं वर्षातून एकदा आणि तीही रात्री तीनला येतात, ती दुपारी चहाच्या वेळेला समोर उभी करायची, यासाठी ही विद्या आहे. पंतांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं फक्त २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, वदवून घेतलं होतं. आपल्याला जे ऐकायचं तेच लिहून ठेवायचं, तेच वाचून घ्यायचं आणि वर स्वतःला शाबासकी द्यायची. ऑफिसात याला टेस्टिंग म्हणतात.

त्या दिवाळीनंतर पंत बदलले. रोज रात्री मोजक्या टेस्ट कुरिअरवाल्याच्या चाचणीच्या सर्व्हरवर खरोखर जाऊ लागल्या. कॅसेटा दर महिन्याला नव्यानं भरल्या जाऊ लागल्या. आमच्याच दोन टीममधले व्यवहार त्यांनी पॅक्टवर नेले. त्यात विचारणाऱ्यानं आपली अपेक्षा लिहून द्यायची आणि देणाऱ्यानं ती आपल्या खऱ्या कोडवर तपासून घ्यायची. इथवर ठीक होतं. पण पंतांना मध्यम मार्ग ठाऊक नाही. आता त्यांना दिसेल तिथे ५०३ दिसायला लागला. लिफ्टमध्ये शिरताना ‘अडकली तर?’, कॅन्टीनमध्ये ‘गॅस संपला तर?’ आणि प्रत्येक गोष्टीला दोन रीट्राय.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा याद्या पंतांनी केल्या. बैठकीत त्यांनी व्याह्यांना शांतपणे विचारलं, ‘नवरदेव मुहूर्ताला पोचले नाहीत, तर किती मिनिटांनी टाइमआउट धरायचा?’ व्याही दुखावले. त्यांची समजूत काढायला वहिनींना दोनदा चहा करावा लागला. गुरुजींना पर्यायी गुरुजी, जनरेटरला पर्यायी जनरेटर, सगळं कागदावर चोख. जिलबीची ऑर्डर मात्र पंतांनी कार्यालयातून फोनवर दिली, आणि त्या गावात रेंज यथातथाच. पंत बोलले, पलीकडून काही ऐकू आलं नाही, फोन तुटला. नियमाप्रमाणे रीट्राय. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा पंतांनी गावातल्याच दुसऱ्या हलवायाला माणूस पाठवून जिलबी सांगितली आणि वेळेवर फॉलबॅक लागला म्हणून समाधानानं झोपले.

निरोप तिन्ही वेळा पोचला होता. पलीकडचं ‘बरं’ तेवढं वाटेत हरवलं होतं. पहिल्यांदा हलवायानं लिहून घेतलं, दुसऱ्यांदा त्याच्या मुलानं, तिसऱ्यांदा गल्ल्यावरच्या पोऱ्यानं. आणि तिघांनी तीन वह्यांत. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं, हे पेमेंटच्या धंद्यातला कालचा पोरगाही सांगेल. तिथे त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला वेगळा नंबर देतात, म्हणजे तोच व्यवहार पुन्हा आला तर ओळखता येतो. जिलबीला कुणी नंबर देत नाही.

लग्नाच्या दिवशी दोन ठिकाणचे मिळून चार टेम्पो कार्यालयाच्या दारात लागले. पंत घामाघूम होऊन भटारखान्यात उभे. वाढपी पानात जिलबी वाढत नव्हते, रचत होते. मठ्ठा संपला, जिलबी संपेना. पंत काय सबब सांगावी याची जुळवाजुळव करत असताना व्याही स्वतः आत आले आणि त्यांनी पंतांचे दोन्ही हात धरले. ‘त्या दिवशी बैठकीत मी तुमच्याबद्दल भलतंच मनात आणलं. मान राखलात हो आमचा! माणशी इतकी जिलबी आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नसेल.’

पंतांनी खुलासा केला नाही. २०० आलेल्या रिक्वेस्टची ते चौकशी करत नाहीत.