तार बसली की वाजवतो

गेजकरला 'गिटार वाजवतोस का?' असं कधी विचारू नये. त्याचा चेहरा उतरतो. 'तारा कुठल्या लावल्यास?' असं विचारावं. वैतरण्याला धरलेली डहाणू लोकल सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी करत बोईसरला टेकते, तोवर त्याची नुसती प्रस्तावना झालेली असते. मूळ विषय संध्याकाळच्या गाडीत.

गेजकर हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव रेशनकार्डावर आणि पगाराच्या स्लिपवर सुखरूप आहे. गेज म्हणजे तारेची जाडी. दिवसातून जितक्या वेळा तो 'गेज' म्हणतो तितक्या वेळा 'राम' म्हणाला असता तर एव्हाना आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाने त्याला अध्यक्ष केलं असतं. ते जमलं नाही म्हणून मंडळाने त्याला आडनाव दिलं. बुवांनी एकदा मोठ्या मनाने सांगितलंही होतं, "उद्या गिटार घेऊन ये. टाळ-मृदंगात तेवढीच भर." गेजकर म्हणाला, "आणतो ना, बुवा. तार बसली की आणतो." या गोष्टीला आता बऱ्याच आषाढी होऊन गेल्या.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. समोर आलेला माल मायक्रोमीटरमध्ये धरायचा, आकडा वाचायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. हे काम त्याने इतकी वर्षं केलंय, की जगातली कुठलीही वस्तू तो आधी मोजतो आणि मग बघतो. गिटार घेतली त्याच महिन्यात त्याने स्वतःचा एक मायक्रोमीटरही घेतला. तारांच्या पाकिटावर पहिली तार ०.०१२ इंच असं छापलेलं होतं. याने घरी नेऊन मोजली, तर ती ०.०१२ इंचच भरली. दोन दिवस नाराज होता.

सेटला नाव पडतं ते पहिल्या, सगळ्यात बारीक तारेवरून. दहाचा, अकराचा, बाराचा, तेराचा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे.

"एका हजारांशाने असा काय फरक पडतोय?" बुवा एकदा सहज बोलून गेले.

"लांबी तीच, सूर तोच, तार फक्त अकराची काढून बाराची लावली. ताण किती वाढला?"

"वाढला असेल थोडा."

"एकोणीस टक्के! तुमचा पगार एकोणीस टक्के वाढला तर थोडा म्हणाल?"

डबा गप्प झाला. कारण हिशोब चोख आहे. साध्या तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाराच्या सेटच्या सहा तारा मिळून गिटारला सत्तर किलोहून जास्त जोराने ओढत असतात. म्हणून हौसेने तेराचा सेट चढवून ठेवलेल्या स्वस्तातल्या गिटारींची पोटं ब्रिजमागे फुगतात. सफाळ्याच्या एका मास्तरांनी तर नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवल्या आणि एका रात्री ब्रिजच मुळासकट उखडला. गेजकर त्यांना भेटून आला. बायकोला म्हणाला, "जरा सांत्वनाला जाऊन येतो." ती बिचारी पांढरी साडी शोधत होती.

नायलॉनचा विषय निघाला की तो १९४० च्या दशकात शिरतो. त्याआधी क्लासिकल गिटारला मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात ती आतडी जखमा शिवायला जाऊ लागली, वाजवणाऱ्यांना तार मिळेना, आणि मग न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनची तार काढली. थोर वादक आन्द्रेस सेगोव्हियाने ती उचलून धरली. सगळं खरं आहे. फक्त ही हकीकत तो नेमकी केळवे रोडच्या आसपास, लोकांनी वडापाव उघडले की सांगतो.

तरी सल्ला घ्यायला लोक येतात. कॉलेजची पोरं तर त्याला शोधत डबा बदलून येतात. "काका, गिटारला कुठल्या तारा टाकू?" असं कोणी विचारलं, की गेजकर आधी त्याचा हात हातात घेतो आणि वैद्याने नाडी बघावी तशी बोटांची टोकं एकेक दाबून बघतो. घट्टे पडलेत का? घाम येतो का? नखाने वाजवतोस की पट्टीने? गातोस का? गिटार भिंतीला टांगतोस की पेटीत ठेवतोस? भिंत पश्चिमेची का? पोरगं भांबावून उत्तरं देत राहतं. शेवटी निदान होतं: "दहाचा लाव. बोटं सोलणार नाहीत. आवाज थोडा पातळ येईल, पण तू सोडून देणार नाहीस. सहा महिन्यांनी अकराचा. बाराला घाई नको." सल्ला सोन्यासारखा असतो. त्याच्या सांगण्याने तारा लावलेली विरारपासून वाणगावपर्यंतची पोरं आज झकास वाजवतात. कोणी वसईच्या चर्चमध्ये क्वायरला साथ करतं, कोणी कॉलेजच्या गॅदरिंगला. सहा महिन्यांनी अकराच्या सेटबद्दल विचारायला आली, की गेजकर स्वतः अजून दहा आणि अकराच्या मध्ये अडकलेला असतो.

जाडीचं झालं की धातू. सेटमधल्या दोन बारीक तारा साध्या पोलादाच्या. कुठलंही पाकीट घ्या, त्यांत फारसा फरक नाही. खेळ आहे तो उरलेल्या चार जाड तारांवर गुंडाळलेल्या धातूचा. एक प्रकार ८०-२०चा, म्हणजे ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त. पाकिटावर लिहितात ब्राँझ. गेजकरच्या मते हे सरळसरळ पितळ आहे आणि पाकिटासकट रिजेक्ट व्हायला पाहिजे. आवाज खणखणीत, पण लवकर काळवंडते. दुसरा फॉस्फर ब्राँझ. यात जस्ताऐवजी कथील आणि किंचित फॉस्फरस. १९७४ साली डॅडॅरिओ कंपनीने ही तार गिटारवर आणली. आवाज जरा उबदार, टिकायलाही बरी. तिसरा प्रकार लेप दिलेल्या तारांचा. एलिक्झरने १९९०च्या दशकात तो रुळवला. पॉलिमरचा असा पातळ पापुद्रा, की घाम आणि ओल आत शिरत नाही. किंमत मात्र साध्या सेटच्या दुपटीच्या घरात.

या ज्ञानाची किंमत घरातल्या स्वयंपाकघराने मोजली आहे. ८०-२० पितळच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने काळवंडलेल्या तारा पितांबरीने घासल्या. तारा समईसारख्या लख्ख झाल्या. मात्र वेटोळ्यांच्या फटीत पावडर जाऊन बसली आणि ठण्‌ऐवजी थप्‌ असा आवाज येऊ लागला. नंतर कुठूनसं कळलं, की मेलेल्या तारा उकळल्या की मळ सुटतो आणि चार दिवस जीव धरतात. ही युक्ती बास गिटारवाले खरंच करतात. गेजकरने हाताला लागलं ते पातेलं घेतलं. ते चहाचं होतं. त्या संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्यांनी चहा पिऊन विचारलं, "वहिनी, पाणी बोअरचं का?"

"अहो, एकदा काय ते ठरवा आणि वाजवून टाका," वहिनी म्हणतात. त्यांना संगीताचा राग नाही. बुटांच्या, पर्सच्या, औषधांच्या डब्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यांनी डाळीच्या डब्यात ठेवलेल्या असतात आणि हा त्या काढून तारांच्या पेटीत नेतो, एवढाच वाद.

पण सिलिका जेल तरी काय करणार? घर वैतरण्याचं. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून निघालेली नदी वाटेत मुंबईसाठी धरणं भरून इथवर येते तेव्हा तिची खाडी झालेली असते. भरतीला खारं पाणी आत येतं आणि वारा ते मीठ दारंखिडक्यांच्या बिजागऱ्यांपर्यंत पोचवतो. इथे सायकलची चेन गंजते, कुलूप गंजतं. गिटारच्या पोलादी तारेने कोणत्या तोंडाने टिकावं? गेजकरने खिडकीच्या गजाला चार तारा टांगून प्रयोग लावलाय. प्रत्येकीला चिठ्ठी: गेज, धातू, टांगल्याची तारीख. शेजारच्या आजींना वाटतं कोणाची तरी नजर उतरवायला बांधल्यात. येता-जाता त्या हात जोडतात.

आता खरी गोम सांगतो. गिटारची नवी तार पहिले काही दिवस चिरचिरते. ओढ बसेपर्यंत सूर उतरत राहतो. मग ती बसते, आणि बसल्यावर काही दिवस सुरेख बोलते. मग घाम, मळ, गंज चढतो आणि ती मरते. जगभर असंच होतं. पण वैतरण्याच्या हवेत मधला काळ फार आखूड. गेजकरला वाजवायचंय ते याच मधल्या काळात. अलीकडे नाही, पलीकडे नाही. आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. तार बसते तेव्हा हा नाइटला असतो; दिवसा झोपतो. नाइट संपते तोवर तार मेलेली असते. "वाजव की रे काहीतरी," म्हटलं की तो मांडीवर गिटार घेतो, एकदा सहाही तारांवरून हात फिरवतो, डोळे मिटून तो सूर पुरता विझेपर्यंत ऐकतो आणि गिटार खाली ठेवतो. "अजून बसली नाही." किंवा "गेली." या दोन निकालांपलीकडे त्या घरात मैफल गेलेली नाही.

मेली की धोबी तलाव. फुर्टाडोंचं दुकान १८६५ पासूनचं, आणि तिथे जाताना गेजकर नवा शर्ट घालतो. सकाळी विरारला गाडी बदलून निघतो, काउंटरवर पाकिटं मांडून घेतो, मागची बाजू वाचतो, पुढची वाचतो, परत मागची. अकराचा फॉस्फर ब्राँझ घ्यायचं घरून ठरवून गेलेला माणूस संध्याकाळी दहाचा, अकराचा आणि बाराचा असे तीन सेट घेऊन परततो. "तुलनेला पाहिजेत." चुकार सुट्या तारांची त्याची एक थैली आहे. ती डब्याच्या पिशवीत मायक्रोमीटरशेजारी असते.

ही थैली एकदाच भर सभेत उघडली. वैतरणा आणि सफाळ्याच्या मध्ये, रेल्वेच्या दोन पुलांमध्ये, नदीने वेढलेलं वाढीव बेट आहे. तिथे एका सहकाऱ्याच्या भावाची हळद होती. बेंजो रंगात आला होता आणि ऐन नाचात बेंजोची तार तुटली. रात्रीची वेळ, चहूकडे पाणी, तारांचं दुकान दूर विरारच्या बाजूला. सगळ्यांच्या माना गेजकरकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढे श्रोते मिळाले होते.

"तुटली ती कुठल्या गेजची होती?" त्याने विचारलं.

"बारीक," बेंजोवाला म्हणाला.

"बारीक म्हणजे? नऊ, दहा?"

"तुटली तेवढी."

गेजकरने तुटका तुकडा मागून घेतला, हॅलोजनखाली धरला, मायक्रोमीटर काढला. नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळायला लागली. तुकडा गंजलाय, त्यामुळे वाचन थोडं जास्त येतंय, गंज खरवडून पुन्हा मोजावं लागेल, असं तो समजावू लागला तेव्हा नवऱ्याची आजी उठली. "अरे मेल्या, जावायाची चौकशी करतंस का? दे ती तार!"

त्याने दहाची दिली. बेंजोवाल्याने पाकिटाकडे बघितलंही नाही. खुंटीला दोन वेढे, एक पिळा, दोनदा टिचकी, आणि थेट गाणं. "अरे, बसू दे तिला जरा!" गेजकर ओरडत होता. कोणाला ऐकू जाणार? पुढे बेंजो किती वाजेपर्यंत चालला ते पोलीस पाटलांसमोर सांगण्यासारखं नाही. गेजकर शेवटपर्यंत बेंजोच्या अगदी जवळ उभा होता. नाचणाऱ्यांनी दोनदा ओढलं, पण हलला नाही.

सकाळी त्याने बेंजोवाल्याला गाठून वही उघडली. तारीख, गेज, धातू, हवा, शेरा. "वरच्या पट्टीत कशी वाटली? चिरचिरली का? सूर किती उतरला?"

बेंजोवाल्याने जांभई दिली. "वाजली ना."

गेजकरने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वाजली. ती वही मी पाहिली आहे. रकाना वरपासून खालपर्यंत 'चिरचिर', 'बसली नाही', 'मेली', 'सेकंड शिफ्ट' यांनी भरलेला आहे. मध्येच हा एक शब्द.

"झालं तर मग," मी म्हटलं, "तोच सेट लाव आणि बस वाजवत."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "एका सॅम्पलवर लॉट पास करतात का?"

तेव्हापासून तो बोलावलेल्या, न बोलावलेल्या सगळ्या हळदींना जातो. थैली बरोबर असते. बेंजोवाले आता त्याला ओळखतात आणि तार तुटायची वाट न बघता आधीच मागून घेतात. वहीत 'वाजली' वाढत चाललंय. परवा गाडीत त्याच्या मांडीवर पंचांग दिसलं. बुवांना आनंद झाला. "घरात कोणाचं ठरतंय वाटतं?"

"नाही हो," ओळीवर बोट ठेवून गेजकर म्हणाला, "मुहूर्त सगळे कोरड्या हवेतले आहेत. चातुर्मासात एक हळद नाही. भर पावसातलं सॅम्पल मिळवायचं कुठून?"