दंड, चारापाणी आणि शिंगे दोन

आमच्या गावात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात एकाही गाईला मालक नसतो. सहानंतर प्रत्येकीला असतो.

पहाटे धार काढून झाली की दावं सुटतं आणि गाय आपली आपण निघते. पहिला मुक्काम मारुतीच्या देवळाबाहेर. तिथे एक मावशी गवताच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या असतात. लोक दहा रुपयांची पेंढी घेतात, गाईला चारतात, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि पापाचा हिशेब चुकता करून ऑफिसला जातात. तिथून भाजी मंडई. फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला, मक्याची सालं, आणि भाजीवाल्याची पाठ वळलीच तर मेथीची अख्खी जुडी. दुपारी भर चौकात दुभाजकाला टेकून रवंथ. (गाड्यांच्या वाऱ्याने माश्या बसत नाहीत म्हणून गाई रस्त्यात बसतात, असं जाणकार सांगतात. गाईंकडून अजून दुजोरा आलेला नाही.) दिवेलागणीला घर, आंबोण, धार. चारा गावाचा, दूध मालकाचं आणि शेण नगरपालिकेचं. इतकी बिनतक्रार वाटणी मी सख्ख्या भावांत पाहिलेली नाही.

यात बिब्बा घालायला कोंडवाडा असतो.

कोंडवाड्यामागचा कायदा 1871 चा, आणि इंग्रजाने तो फार मन लावून लिहिलाय. त्यातल्या ‘गुरां’मध्ये हत्तीपासून शेळीच्या करडापर्यंत सगळे येतात, उंट, खेचर आणि डुक्करसुद्धा. मूळ कायद्यात दंडाचा तक्ताच आहे. हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, गाय, बैल, घोड्याला चार आणे, वासरू, गाढव आणि डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा. म्हणजे चार म्हशींच्या दंडात एक हत्ती सुटायचा. वजनाच्या मानाने हत्तीवाल्याची चंगळच. मात्र उसात घुसलेलं जनावर शेतकऱ्याने धरावं आणि चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवावं असंही त्यात आहे. ते जनावर हत्ती असेल तर ‘धरावं’ म्हणजे नेमकं कुठे धरावं, याबद्दल कायदा गप्प आहे. पोलिसांनी मदत करावी, एवढं आश्वासन दिलंय.

सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्यावर नोटीस लागायची, गावात आणि जवळच्या बाजारात ढोल वाजवून दवंडी द्यायची, आणखी सात दिवस वाट बघायची, मग जाहीर लिलाव. त्या लिलावात कोंडवाडा सांभाळणाऱ्याने बोली लावायची नाही, असं स्वतंत्र कलम आहे. हे कलम ज्याला सुचलं तो साहेब हिंदुस्थानात पुष्कळ वर्षं राहिलेला असणार. पुढे दर बदलले, नगरपालिकांनी आपापले नियम केले, दवंडीची जागा व्हॉट्सॲपने घेतली. तरी पांढऱ्या गाईचा फोटो पाहून गावातल्या अर्ध्या लोकांना ती आपली वाटते, ही अडचण काही सुटली नाही.

शेजारच्या वहिनींची गाय, चांदी, उचलली गेली तेव्हा वहिनी कागद-पेन घेऊनच आमच्याकडे आल्या. “भाऊजी, एक अर्ज खरडून द्या. तुमचं मराठी चांगलं आहे.” गावात लेखकाचा एवढाच उपयोग असतो. मी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून सुरुवात करून चांदीचं भरघोस वर्णन केलं आणि त्यांच्याबरोबर कोंडवाड्यावर गेलो.

रखवालदारांनी अर्ज वाचला नाही. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. आदल्या दिवसाच्या सगळ्या नोंदींत वर्णनाच्या रकान्यात एकच मजकूर होता: गाय, पांढरी, शिंगे दोन.

“कानात बिल्ला आहे का?” त्यांनी विचारलं. पिवळा, बारा आकड्यांचा बिल्ला असतो तो. आकडा संगणकात घातला की मालक सापडतो.

“होता. पण तिचा कान दुखायला लागला, म्हणून काढला,” वहिनी म्हणाल्या. आमच्याकडे कान फक्त रस्त्यावर सुटणाऱ्या गाईंचेच दुखतात.

“आणि काल चौकात हिला धरली तेव्हा समोरच्या दुकानात तुम्हीच होता ना? मी विचारलं, तर म्हणालात, आमची नाही.”

“तेव्हा नव्हतीच,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “आता धारेची वेळ झाली.”

एवढ्यात एक दूधवाले दादा मोटारसायकलवरून उतरले आणि त्याच गाईकडे बोट दाखवून म्हणाले, “ही आमची गौरी.” रखवालदारांना असे प्रसंग नवे नसावेत. त्यांनी गाईचं दावं सोडलं आणि दोघांनाही हाक मारायला सांगितलं. एकीकडून चांदी, दुसरीकडून गौरी. गाईने दोघांकडे पाहिलं आणि ती सरळ रखवालदारांकडे जाऊन उभी राहिली. सकाळची धार त्यांनी काढली होती. कोंडवाड्यात गेली म्हणून गाय दूध द्यायची थांबत नाही, आणि रजिस्टरात चाऱ्याचा रकाना आहे, दुधाचा नाही. मी तसं बोलून दाखवणार होतो, पण वहिनींनी माझा शर्ट ओढला. दंडाची पावती अजून फाडायची होती.

शेवटी वहिनींचा मुलगा घरून वासरू घेऊन आला. वासराने अर्ज, बिल्ला, साक्षीदार कशाचीही वाट न बघता कासेला तोंड लावलं. दूधवाले दादांनी मोठ्या मनाने हार मानली. “मग ती पलीकडची असेल आमची,” ते म्हणाले.

दंड अधिक चारापाणी भरून आम्ही निघालो. ‘यापुढे सदर जनावर मोकाट सोडणार नाही’ असं हमीपत्रही मीच लिहून दिलं, चांगलं सहा ओळींचं. रस्ताभर वहिनी बोटांवर हिशेब करत होत्या. कडब्याचा भाव, पेंडीचा भाव, वर्षातून कितीदा कोंडवाड्याची गाडी येते. घर आलं तसा त्यांचा चेहरा उजळला. “तरी परवडतंय हो, भाऊजी!” दुसऱ्या दिवशी सकाळी चांदी मारुतीला हजर. माझं मत विचाराल तर जोवर दंड कडब्याहून स्वस्त आहे तोवर कोंडवाडा ही नगरपालिकेने चालवलेली खानावळ आहे; महिन्यातून एखाद्या वेळी बिल येतं, इतकंच.

बैलांची कथा उलटी. एका गाईला दोन मालक निघतात, गोऱ्ह्याला एकही निघत नाही. शेतात ट्रॅक्टर आला, आणि 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे लिलावात म्हाताऱ्या बैलावर बोली बोलायला कुणी पुढे होत नाही. पोळ्याला मात्र त्यालाही झूल मिळते.

कुत्र्यांना कोंडवाड्याचा कायदा लागू नाही, आणि कुत्र्यांशी सरकारने जपून वागावं हे मुंबईने फार पूर्वी शिकवलंय. 1832 साली सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळींनी बाजार बंद पाडून दंगल केली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभा केला. आता सर्वसाधारण नियम असा की कुत्रं उचला, नसबंदी करा, लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री परत सोडू नका असं सांगितलं, आणि अकरा दिवसांत, रेबीज झालेली आणि चावरी वगळता, सोडा असं सांगितलं. म्हणजे गाय मालकाकडे परत जाते, आणि कुत्रं गल्लीकडे.

आमच्या गल्लीतलं काळं कुत्रं असंच उचललं गेलं. तक्रार कोपऱ्यावरच्या काकांची होती. कुत्रं दिसेना तशी चौकशीला फोन करणारेही काकाच. “अहो, रात्री कुणी आलं-गेलं कळत नाही.” अखेर गाडी आली आणि एक काळं कुत्रं आमच्या कोपऱ्यावर उतरवून गेली. कानाला खाच होती, पण कुत्रं आमचं नव्हतं. ते पेठेतलं होतं, आणि आमचं पेठेत सोडलेलं होतं. नोंदीत बहुधा लिहिलेलं असणार: कुत्रा, काळा, शेपूट एक.

त्या रात्री दोन्ही बाजूंनी भरपूर भुंकाभुंकी झाली. सकाळी आमचं कुत्रं आमच्या पायरीवर होतं आणि पेठेतलं पेठेत. ना अर्ज, ना हमीपत्र, ना पावती. काकांनी त्याला दोन पारले बिस्किटं घातली, पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन रात्रीच्या भुंकण्याबद्दलची नवी तक्रार लिहायला घेतली.