पांढरी पाच, किंचित चढी

जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घरात आला की माणसांचे दोन गट पडतात: एकाला तो वाजवताना ऐकू येतो, दुसऱ्याला न वाजवताना. पहिल्या गटात मी एकटा.

अ‍ॅम्प म्हणजे फेंडर चॅम्प, 1950 च्या दशकाअखेरचा, अमेरिकेहून परतलेल्या मावसभावाने माझ्या गळ्यात मारलेला. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, आवाजाचं एकच बटण. व्हॉल्व्ह तापेपर्यंत निमूट, आणि मग घूंऽऽऽ. "अहो, फ्रिज बिघडला वाटतं," बायको म्हणाली. आतल्या खोलीतून बाबांचं निदान आलं, "पांढरी पाच. किंचित चढी."

जन्मभर पेटीवर सूर धरलेला माणूस, चुकेल कशाला? आपली वीज 50 हर्ट्झची. रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून घूंघूं 100 ची, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच 98 ची. अमेरिकेत वीज 60 ची, घूंघूं 120 ची. म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये. तिकडे साठेक वर्षं बेसूर घोंघावलेला अ‍ॅम्प पुण्यात येऊन जवळजवळ सुरात लागला. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही.

तरी सूर तो सूर आणि कटकट ती कटकट. तापकीर गल्लीच्या आसपास व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक आजोबा घरी आले. त्यांनी बटण शून्यावर नेलं, घूंघूं तशीच. "व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. कंडेन्सर सुकलेत." मुळात 16, 8 आणि 8 मायक्रोफॅरडचे. मी म्हटलं, बदलतोच आहोत तर पहिला 100 चा टाकू. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "5वाय3 रेक्टिफायरचा जीव केवढा? वीसच्या वर त्याला झेपत नाही. प्रत्येक वेळी चालू करताना धाप लागेल."

प्लग काढल्यावरही आत तीनशेवर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. म्हणून आजोबांनी आधी एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे केले. मग नवे बसवले. पांढरी पाच गेली.

"आता खर्ज लागलाय," बाबा म्हणाले. बरोबर एक सप्तक खाली, 50. आजोबा खूश झाले. हा दोष व्हॉल्व्हच्या हीटरचा. जुन्या पद्धतीत हीटरची एक बाजू थेट चासीला जोडलेली. त्यांनी ती सोडवली, दोन वायरींची घट्ट वेणी घातली आणि शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर दोन्हीकडून जमिनीला दिले. दोनच पिनांची मूळ कॉर्ड काढून तीन पिनांची लावली. शेवटी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने 12एएक्स7 व्हॉल्व्हवर टिचकी मारली. स्पीकरमधून टण्णकन आवाज आला. "हा कानाचा तिखट आहे. राहू दे."

आता उरली ती गिटारच्या पिकअपची गुरगुर. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास दोन उलट कॉइल एकमेकींना जोडून त्यावर तोड काढली. पण माझ्या गिटारला सिंगल कॉइल. त्यातून अ‍ॅम्पसाठी 230 चे 120 करणारा ट्रान्सफॉर्मर शेजारीच. दिशा बदलली की गुरगुर बदलते. वास्तुशास्त्राचा मला आलेला हा एकमेव पडताळा. खिडकीकडे तोंड केलं तर कहर; बाथरूमच्या दाराकडे, जरा डावीकडे झुकून, नीरव शांतता. पाहुण्यांपुढेही मी तसाच पाठमोरा वाजवतो. ते त्याला तंद्री समजतात.